पाणथळ जागेची हद्द उपग्रहचित्रावरून ठरवता येते का?

गोंदिया-भंडारा पट्ट्यातील माजी मालगुजारी तलावांवर (मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, यांच्या काळात बांधलेल्या तलावांवर) काम करणाऱ्या एका गटाने विचारणा केली आहे. त्यांना एका तालुक्यातील पाणथळ जागांचा नकाशा तयार करून तो जिल्हा पातळीवरील समितीपुढे ठेवायचा आहे. त्याच भागातून रस्त्याचे रुंदीकरण प्रस्तावित असल्यामुळे या नकाशाचे काम तातडीचेही आहे. त्यांचे प्रश्न दोन आहेत: मोफत मिळणाऱ्या उपग्रहचित्रांपैकी कोणती वापरावीत, आणि अशा नकाशाच्या आधारे परवानगी द्यावी की नाकारावी हे ठरवता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

तालुक्यात तलाव आणि बोड्या (लहान तळी) कुठे कुठे आहेत, त्यांतले पाणी वर्षभरात कसे पसरते आणि कसे ओसरते, गेल्या तीन-चार दशकांत कोणता तलाव आक्रसला किंवा बुजला, या गोष्टी उपग्रहचित्रांवरून विश्वासाने सांगता येतात, आणि इतक्या मोठ्या क्षेत्रासाठी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्या इतक्या कमी खर्चात कळणार नाहीत. मात्र एखाद्या तलावाची हद्द जमिनीच्या नेमक्या कोणत्या गट क्रमांकातून जाते आणि बांधकामाला मनाई असलेला पट्टा कुठून मोजायचा, हे केवळ उपग्रहचित्रावरून ठरवू नये. तिथे जमिनीवरची मोजणी लागतेच. या दोन टोकांच्या मधले बरेच निर्णय उपग्रहाच्या नकाशावर घेता येतात, परंतु नकाशा एका चित्राचा नसून अनेक वर्षांच्या चित्रांचा असेल तरच.

या अटीवर मी इतका भर का देतो, ते या तलावांकडे पाहिले की समजते. जंगल, वस्ती किंवा रस्ता यांची जागा वर्षभर फारशी बदलत नाही. तलावाची बदलते. सप्टेंबरअखेर पाणी सांडव्याला लागलेले असते. धान निसवण्याच्या वेळी सिंचनासाठी पाणी सोडले की काठ उघडा पडू लागतो. पुढे ओसरत्या पाण्यामागे गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) होते आणि जिथे ऑक्टोबरात गुडघाभर पाणी होते तिथे हिवाळ्यात हरभरा उभा दिसतो. मे महिन्यात पाळीलगतच्या (तलावाच्या बांधालगतच्या) खोलगट भागात काय उरेल तेवढेच पाणी. आता फेब्रुवारीतले एकच स्वच्छ, ढगविरहित चित्र घेऊन वर्गीकरण केले, तर संगणक गाळपेरीच्या जमिनीला शेती म्हणणार, आणि त्या चित्रापुरते ते बरोबरही असणार. परंतु तोच नकाशा समितीपुढे गेला की तलावाचा मोठा भाग कागदावरून नाहीसा होतो. सोयीचे, ढग नसलेले चित्र हमखास हिवाळ्या-उन्हाळ्यातले असते, त्यामुळे ही चूक एकाच दिशेने होत राहते: पाणथळ जागा नेहमी आहे त्यापेक्षा लहान दिसते.

१९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या करताना नैसर्गिक तशीच कृत्रिम, कायमची तशीच तात्पुरती, असे शब्द विचारपूर्वक घातलेले आहेत. भारत १९८२ पासून या करारात सहभागी आहे. आपल्याकडील २०१७ चे पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम हीच व्याख्या पायाभूत धरतात, परंतु तिच्यातून काही गोष्टी वगळतात: नदीपात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे, आणि मत्स्यसंवर्धन, मीठ उत्पादन, मनोरंजन किंवा सिंचन यांसाठी खास उभारलेली बांधकामे. मालगुजारी तलावांबाबत यातला सिंचनाचा अपवाद वादाचा ठरतो. हे तलाव धानासाठी बांधले गेले हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या ढीवर समाजाची मासेमारी, शिंगाड्याची लागवड, गुरांचे पाणी आणि पाणपक्ष्यांचा अधिवास हे सगळे त्यांच्याशी जोडलेले आहे, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यानंतरही गावांचे निस्तार हक्क (सामायिक जागा व पाणी वापरण्याचे हक्क) नोंदींमध्ये राहिलेले आहेत. हा वाद नकाशा सोडवणार नाही. नकाशा करणाऱ्याने एवढेच पाळावे की कायद्याच्या अपवादात बसेल अशा शंकेने एखादा तलाव आधीच वगळू नये. जमिनीवर जे पाणथळ आहे ते सर्व नकाशात घ्यावे, आणि उगम, मालकी व वापर यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. काय वगळायचे हा निर्णय समितीचा आहे आणि तो तिने उघडपणे, कारणासह घ्यायला हवा.

आधीचे सरकारी नकाशे उपलब्ध आहेत, आणि सुरुवात तिथूनच करावी. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने २००६-०७ च्या सुमाराची रिसोर्ससॅट उपग्रहाची चित्रे वापरून १:५०,००० प्रमाणावर राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह तयार केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये याच आकड्याचा आधार घेऊन त्या सर्व जागांना संरक्षण दिले. दहा वर्षांनंतरच्या चित्रांवर आधारलेल्या नव्या नकाशासंग्रहात ही संख्या २,३१,१९५ झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना या जागांची प्रत्यक्ष पडताळणी व सीमांकन पूर्ण करण्यास सांगितले. म्हणजे उपग्रहाचा नकाशा आणि जमिनीवरची हद्द या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आता न्यायालयीन आदेशातच गृहीत धरलेले आहे.

२.२५ हेक्टर ही मर्यादा कुठून आली हे समजून घेतले तर नकाशाचा आवाका कळतो. २.२५ हेक्टर म्हणजे १५० मीटर बाय १५० मीटर. १:५०,००० च्या नकाशावर हा चौकोन तीन मिलिमीटर बाजूचा होतो. त्याहून लहान आकृती कागदावर नीट काढताच येत नाही, म्हणून लहान जलसाठे नुसत्या ठिपक्यांनी दाखवलेले आहेत. आपल्या तालुक्यातल्या कित्येक बोड्या या ठिपक्यांतच गेल्या असणार. त्याच नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर २५ मीटर रुंद असते. ज्या भागात धानाची एक बांधी (बांध घातलेला शेताचा तुकडा) त्याहून अरुंद असू शकते, तिथे अशा रेषेवरून अमुक गट आत आणि तमुक बाहेर असे म्हणणे म्हणजे नकाशाला त्याच्या कुवतीबाहेरचे काम सांगणे होय.

हाच हिशोब पिक्सेलच्या, म्हणजे उपग्रहचित्रातल्या सर्वांत लहान चौकोनाच्या, आकाराला लावून पाहावा. रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ संवेदकाचा पिक्सेल २३.५ मीटरचा आहे. त्याच्या चित्रात २.२५ हेक्टरचा तलाव सुमारे चाळीस पिक्सेलांत मावतो आणि त्यांतले जवळपास निम्मे काठावरचे असतात, ज्यांत थोडे पाणी आणि थोडी जमीन मिसळलेली असते. मोफत चित्रे देणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर पिक्सेलमध्ये तोच तलाव २२५ पिक्सेलांचा होतो आणि काठावरचे ५६, म्हणजे पाव हिस्सा. सुधारणा मोठी आहे, तरी पाव हिस्सा अनिश्चित राहतोच. तलाव जितका लहान तितका हा हिस्सा वाढत जातो. म्हणून अर्ध्या हेक्टरच्या बोडीचे अस्तित्व सेंटिनेलवरून सांगावे, क्षेत्रफळ मात्र सांगू नये.

आता चित्रांच्या निवडीकडे येतो. सध्याच्या स्थितीसाठी मुख्य आधार सेंटिनेल-२ चा असावा: दृश्य व निकट-अवरक्त पट्टे १० मीटरचे, लघुलहरी अवरक्त पट्टे २० मीटरचे, आणि २०१७ पासून दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी एक फेरी. पाणी ओळखण्यासाठी हिरव्या व निकट-अवरक्त पट्ट्यांवरचा एनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक सर्वांना माहीत असतो. या भागात मात्र जुलै-ऑगस्टचे पाणी गढूळ असते, आणि गढूळ पाणी निकट-अवरक्त किरण बऱ्यापैकी परत पाठवते, त्यामुळे हा निर्देशांक कच्चा पडतो. त्याऐवजी लघुलहरी अवरक्त पट्टा वापरणारा सुधारित निर्देशांक, म्हणजे एमएनडीडब्ल्यूआय, अधिक भरवशाचा ठरतो. त्याचा काठ थोडा पुसट येतो एवढी किंमत मोजावी लागते. दोन्ही काढून ठेवावेत आणि जिथे त्यांच्यात मतभेद आहे तेवढीच जागा बारकाईने तपासावी. असे करताना चुका कुठे दडलेल्या असतात हे पटकन लक्षात येते: डोंगराच्या उत्तर उतारावरची डिसेंबरातली लांब सावली, धान कापल्यावर धसकटे जाळलेली काळी शेते, ढगांच्या सावल्या, आणि ओली काळी माती. या सगळ्या गोष्टी संगणकाला पाण्यासारख्या भासू शकतात.

पाणी आणि जमीन वेगळी करणारे सीमामूल्य ओत्सूच्या पद्धतीने आपोआप काढण्याचा प्रघात आहे. ही पद्धत पाणी आणि जमीन यांचे दोन स्पष्ट उंचवटे पिक्सेलच्या मूल्यांच्या आलेखात आहेत असे गृहीत धरते. पूर्ण तालुक्याचे चित्र एकदम घेतले तर पाणी इतके थोडे असते की दुसरा उंचवटा दिसतच नाही, आणि सीमामूल्य भलतीकडे जाते. प्रत्येक तलावाभोवती, तलावाइतकीच जमीन आत येईल एवढी चौकट घेऊन त्या चौकटीपुरते सीमामूल्य काढावे. या एका बदलाने काठाची रेषा बरीच सुधारते.

आणखी एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे केलेली मेहनत नकळत वाया जाते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांच्या प्रक्रियेत बदल झाला आणि पिक्सेलच्या मूल्यांत १००० ची भर टाकली जाऊ लागली. त्याआधीची आणि नंतरची चित्रे ही भर वजा न करता एकाच मालिकेत घातली, तर २०२२ मध्ये सगळ्या तालुक्यातल्या तलावांत एकाच वेळी बदल झाल्यासारखे दिसते. गूगल अर्थ इंजिन हे ऑनलाइन साधन वापरत असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घ्यावा, त्यात ही दुरुस्ती केलेली असते. स्वतः चित्रे उतरवून क्यूजीआयएस या नकाशाप्रणालीत काम करणार असाल तर ती स्वतः करावी लागेल.

पावसाळ्यात सेंटिनेल-२ जवळजवळ आंधळा असतो, आणि तलाव भरण्याचा काळ नेमका तोच. तिथे सेंटिनेल-१ चे रडार लागते. त्याच्या सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतून आरपार जातात, आणि शांत पाणी त्या लहरी दुसरीकडे परतवते, म्हणून पाणी काळे दिसते. वारा सुटून पृष्ठभागावर लाटा उठल्या की तेच पाणी उजळते आणि तलाव अर्धा गायब झाल्यासारखा वाटतो. म्हणून रडारच्या एका तारखेवर विसंबू नये, महिन्याभरातल्या सगळ्या फेऱ्यांचे मध्यक मूल्य घ्यावे. पाण्यातून वर आलेल्या देठांचा तर उलटाच परिणाम होतो: लहर पाण्यावरून देठावर आणि देठावरून परत उपग्रहाकडे जाते, त्यामुळे गवताळ काठ कोरड्या जमिनीपेक्षाही उजळ दिसू शकतो. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी दाट वनस्पतींखालच्या पाण्यापर्यंत अधिक चांगल्या पोहोचतात. झाडोऱ्याखालच्या दलदलीसाठी त्याची चित्रे जरूर पाहावीत. तूर्त तालुक्याच्या मालिकेचा आधार सेंटिनेलचाच ठेवावा.

पूर्व विदर्भातली खरी अडचण रडारने सुटत नाही, उलट समोर येते. जुलैत रोवणीसाठी चिखलणी केलेली बांधी आणि उथळ तलाव यांच्यात रडारला काहीच फरक दिसत नाही. शिवाय नियमांतून भातशेती वगळलेली आहे, त्यामुळे चित्रातला हा गोंधळ कायद्याच्या रेषेवरच येऊन बसतो. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे वर्षभराचे वागणे पाहणे. धानाची बांधी जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने चकाकते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गर्द हिरवी होते आणि नोव्हेंबरात कापणी होऊन कोरडी पडते. तलावाचा काठ सप्टेंबरात बुडतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओला राहतो आणि हिरवा झालाच तर पाणी ओसरल्यावर होतो. दोन्ही ठिकाणी ओल आणि हिरवाई आहे, पण त्यांचा महिना वेगळा आहे. उन्हाळी धान घेणाऱ्या शिवारात जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा एकदा रोवणीचे पाणी दिसते, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा. तिथे तलावाच्या पाळीच्या कोणत्या बाजूला ती जागा आहे हे पाहिले की शंका उरत नाही, कारण लाभक्षेत्र पाळीच्या खालच्या अंगाला असते आणि बुडीत क्षेत्र वरच्या.

कमळ, शिंगाडा, जलपर्णी आणि बेशरम यांचाही विचार असाच करावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेला तलाव पाण्याच्या निर्देशांकात दिसत नाही, कारण वरून तो हिरवळच असतो. बेशरमाची झुडपे काठाच्या गाळात वाढून वर्षभर हिरवी राहतात आणि सहज झाडी म्हणून गणली जातात. जो पिक्सेल इतर महिन्यांत पाणी होता आणि बुडीत क्षेत्राच्या आत आहे, तो हिरवा दिसला म्हणून पाणथळ जागेतून काढू नये. त्याला ‘पाणवनस्पतींनी व्यापलेला’ असा वेगळा वर्ग द्यावा. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा वर्ग मोलाचा आहे. बेशरम काढून तलाव मोकळा करण्याचे काम कुठे आधी घ्यायचे, हे त्यावरून थेट कळते.

या सर्व चित्रांचा अंतिम उपयोग वारंवारितेचा नकाशा करण्यासाठी करावा: पिक्सेल किती वेळा पाहिला गेला आणि त्यांतल्या किती वेळा तो ओला होता. इथे एक सूक्ष्म दोष शिरतो. स्वच्छ चित्रे नोव्हेंबर ते मे या काळात भरपूर आणि जून ते सप्टेंबरमध्ये थोडी असतात. सगळी एकत्र मोजली तर कोरड्या महिन्यांचे वजन वाढते आणि हंगामी पाणथळ जागा क्वचित ओली होणारी ठरते. म्हणून आधी प्रत्येक महिन्याची वारंवारिता स्वतंत्र काढावी आणि मग बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. मिळालेल्या नकाशातून कायम पाण्याचा गाभा, हंगामी पट्टा आणि भरघोस पावसाच्या वर्षांतच बुडणारा बाहेरचा पट्टा असे तीन भाग सहज पाडता येतात. माझ्या मते समितीपुढे ठेवायचा मुख्य नकाशा हाच. एका रेषेचा नकाशा नव्हे. जगभराचे तयार जलनकाशे तुलनेसाठी उपयोगी आहेत, परंतु वनस्पतींनी झाकलेले उथळ पाणी त्यांच्याकडून बऱ्याचदा सुटते आणि गाळपेरीचे तळ शेतीत जातात, तेव्हा ते थेट उचलून वापरू नयेत.

रुंदीकरणाच्या प्रस्तावासाठी मात्र एक रेषा लागणारच, आणि तिचे मोजमाप नियमांत दिलेले आहे. नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत, बोटींचे धक्के वगळता, कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. नियम सप्टेंबर २०१७ चे आहेत, म्हणजे पाहायची वर्षे साधारण २००७ ते २०१७. या काळाच्या बहुतांश भागात सेंटिनेल-२ अवकाशात नव्हताच; तो २०१५ च्या जूनमध्ये सोडला गेला. म्हणून लँडसॅट या अमेरिकेच्या जुन्या उपग्रहमालिकेकडे जावे लागते, आणि तिथे खळगे आहेत. लँडसॅट-५ ची चित्रे २०११ च्या नोव्हेंबरात थांबली, लँडसॅट-८ ची सुरुवात २०१३ मध्ये झाली, आणि मधल्या २०१२ च्या पावसाळ्यासाठी उरतो लँडसॅट-७, ज्याच्या चित्रांत मे २००३ च्या बिघाडापासून तिरकस रिकामे पट्टे आहेत. हे पट्टे चित्राच्या मध्यभागी जवळजवळ नसतात आणि कडांकडे रुंद होत जातात, त्यामुळे आपला तालुका चित्रात कुठे येतो ते आधी पाहावे. त्या वर्षासाठी रिसोर्ससॅटची लिस-३ चित्रे मिळवणे अधिक श्रेयस्कर. प्रत्येक वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली स्वच्छ चित्रे घेऊन त्या वर्षाचा कमाल पसारा काढावा, आणि चित्रे कमी असलेल्या वर्षासमोर तसे स्पष्ट लिहावे.

इतके करूनही हाती येतो तो पसारा, आणि नियम बोलतो पातळीविषयी. या दोहोंतले अंतर दुर्लक्ष करण्यासारखे नाही. तलावाच्या वरच्या अंगाचा उतार अनेकदा २०० मीटरला एक मीटर इतका मंद असतो. अशा ठिकाणी पातळीतला पंचवीस सेंटिमीटरचा फरक काठाला आडवा ५० मीटर सरकवतो, म्हणजे नियमातला सगळा मनाईचा पट्टा त्या पाव मीटरमध्ये सामावतो. अवकाशातून मोजलेल्या कार्टोसॅट किंवा एसआरटीएमच्या उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक गृहीत धरावी लागते. ती वापरून ही पातळी ठरवणे योग्य नाही. इथे लेव्हल किंवा अचूक जीएनएसएस (उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणारे) यंत्र घेऊन जमिनीवर जावे. सांडव्याच्या माथ्याची पातळी आधी घ्यावी, कारण पाणी त्या पातळीला पोहोचले की वाहू लागते आणि उच्च पातळी तिच्या थोडी वरच असते. मग उपग्रहाने दाखवलेल्या वार्षिक काठांवर निवडक बिंदूंची पातळी मोजावी. दोन्ही जुळली तर रेषा पक्की. जुळली नाहीत तर सांडव्याची उंची मधल्या काळात बदलली का, गाळ किती साचला, कुणी सांडवा फोडून पाणी खाली तर केले नाही ना, याची गावात चौकशी करावी. सांडवा फोडून केलेले अतिक्रमण चित्रांच्या मालिकेत स्पष्ट दिसते: कमाल पसारा एका वर्षी अचानक आक्रसतो आणि पुढे चांगल्या पावसातही पूर्वपदावर येत नाही.

अचूकतेचा आकडा देताना विशेष जपावे. समजा, एक हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यात चाळीस चौरस किलोमीटर पाणथळ आहे. ‘इथे पाणथळ जागाच नाही’ असे सांगणारा कोरा नकाशाही मग ९६ टक्के अचूक ठरतो. म्हणून एकंदर अचूकतेचा आकडा अशा नकाशाबद्दल काहीच सांगत नाही. दोन वेगळे आकडे द्यावेत: जमिनीवरच्या पाणथळ जागेपैकी किती नकाशात आली, आणि नकाशातल्या पाणथळ जागेपैकी किती खरोखर तशी आहे. पडताळणीचे बिंदू तलावाच्या मध्यावर घेतले तर उत्तर नेहमी बरोबर येते आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही; निम्म्याहून अधिक बिंदू हंगामी पट्ट्यात आणि काठाच्या आसपास यादृच्छिक पद्धतीने निवडावेत. संरक्षणासाठी नकाशा वापरायचा असेल तर सुटलेल्या जागेची चूक जास्त महाग पडते, कारण नकाशात न आलेल्या बोडीसाठी कुणी हरकतही घेत नाही.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे समितीचे लक्ष वेधावे, जी पन्नास मीटरच्या चर्चेत हमखास मागे पडते. हे तलाव एकेकटे नाहीत. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी नाल्याने खालच्या तलावात जाते, आणि अशी साखळी अनेक गावांतून उतरत जाते. रस्त्याचा भराव तलावापासून तीनशे मीटर दूर असला तरी तो या ओघाला आडवा आला, तर तलावाला न शिवताही तो भराव त्याला कोरडा पाडू शकतो. दोनही बाजूंचे चित्र मालिकेत पाहिले की पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाला तुंबलेले पाणी दिसते. परंतु प्रस्तावाच्या टप्प्यावर भराव नसतो, त्यामुळे ओघ आधीच नकाशात असायला हवेत. सपाट प्रदेशात उंचीच्या माहितीवरून संगणकाने काढलेले ओघ फसवे असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवरचे नाले, गावनकाशा, निस्तार पत्रक आणि पाटकऱ्याने (तलावाचे पाणी वाटणाऱ्याने) प्रत्यक्ष चालत दाखवलेला मार्ग, यांना इथे प्राधान्य द्यावे. रस्त्याच्या प्रत्येक छेदबिंदूला क्रमांक देऊन तिथे किती रुंदीची मोरी लागेल ही चर्चा अभियंत्यांशी करता येते, आणि बऱ्याचदा रस्ता न अडवता तलाव वाचतो.

काही गोष्टी उपग्रह सांगत नाही, आणि त्या नकाशावर दाखवण्याचा मोह टाळावा. गोंदियातला सारस पावसाळ्यात तलावाच्या उथळ काठावर आणि धानाच्या बांध्यांतही घरटे करतो. निर्देशांकात बांधी पाणथळ ठरो वा न ठरो, सारसासाठी ती पाणथळच असते. घरट्यांची माहिती पक्षीनिरीक्षकांकडून आणि शेतकऱ्यांकडून घ्यावी, तिचा स्वतंत्र थर करावा, आणि नेमकी ठिकाणे जाहीर नकाशात देऊ नयेत. माशांच्या स्थानिक जाती, पाण्याची प्रत, मासेमारीचे हक्क यांचेही तसेच. गढूळपणा आणि शेवाळाचा अंदाज चित्रांवरून बांधता येतो, पण त्याला पाण्याच्या नमुन्यांची जोड नसेल तर तो समितीपुढे पुरावा म्हणून ठेवू नये.

नकाशाच्या समासात वापरलेल्या प्रत्येक चित्राची तारीख व ओळखक्रमांक, सीमामूल्य काढण्याची पद्धत, किमान नोंदलेले क्षेत्र आणि वर सांगितलेले अचूकतेचे दोन आकडे असावेत, म्हणजे हरकत आली तर दुसरा कुणीही तेच काम पुन्हा करून पाहू शकेल. हद्द काढताना मोजणी झालेला भाग अखंड रेषेने आणि केवळ चित्रांवरून काढलेला भाग तुटक रेषेने दाखवावा. गटांच्या हद्दी नकाशावर बसवताना गावनकाशा काही मीटर सरकलेला असतो हे गृहीत धरून पाळीची टोके, विहिरी, जुने रस्ते अशा न हलणाऱ्या खुणांवर तो जुळवून घ्यावा, आणि समितीकडे जाण्यापूर्वी तयार नकाशा ग्रामसभेत मांडून ढीवर संस्थेच्या व गाळपेर करणाऱ्या कुटुंबांच्या दुरुस्त्या नोंदवून घ्याव्यात.

कामाचा क्रम मोजणीच्या हंगामावरून लावावा. पातळी घेण्याचे दिवस सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचेच आहेत. पाणी सांडव्याजवळ असते, ढग उघडू लागलेले असतात आणि त्याच आठवड्यातले सेंटिनेल-२ चे चित्र ताडून पाहता येते. मागच्या वर्षांच्या चित्रांचे सगळे काम ऑगस्टपर्यंत उरकून, काठावरच्या बिंदूंची यादी हातात घेऊनच त्या दिवसांत बाहेर पडावे. सिंचनासाठी पाणी सुटले की त्या वर्षीचा वरचा काठ जमिनीवर पुन्हा दाखवता येत नाही.